दयेच्या फळीखालची मुलगी

१

सन चौदाशे एकोणनव्वद. त्या वर्षी ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेन्टेकॉस्टच्या रविवारी, स्तोत्रं चालू असताना, फादर ओजिए धाडकन खाली कोसळले आणि त्यांच्याबरोबर आमचं घरही.

माझे बाबा, माहिए मिस्त्री, ओकच्या लाकडात कोरीव काम करायचे. सोम नदीकाठच्या आमच्या गावात चर्चमधली धर्मगुरूंची आसनं त्यांनीच केली होती. सहा वर्षं ते काम चाललं. मी लग्न होऊन गेले आणि नवरा लढाईत गेल्यावर माघारी आले, तरी बाबा आसनंच कोरत होते.

स्तोत्रं उभ्यानं म्हणायची असतात, पण म्हातारे गुडघे ऐकत नाहीत. म्हणून आसनाची बैठक उचलून मागे लावता येते आणि तिच्या खालच्या अंगाला एक अरुंद फळी असते. बैठक वर केली की ती बरोबर कमरेखाली येते. उभं राहिल्यासारखं दाखवायचं आणि तिच्यावर टेकायचं. तिला आम्ही ‘दया’ म्हणतो. तिच्या खाली आधाराला नक्षी असते, आणि तिथे मिस्त्री आपल्या मनाला येईल ते कोरतो. डुक्कर, कोल्हा, भांडणारे नवराबायको, काहीही. कोण वाकून बघणार आहे?

फादर ओजिए नेहमीसारखे टेकले होते. दया मधोमध फुटली. ते पायरीवर आपटले आणि त्यांचा डावा पाय मोडला.

फुटलेली बैठक उचलून पाहिली तर आतून पांढरी, किड्यांनी पोखरलेली. ओकचा गाभा किडा खात नाही. तो खातो सालीलगतचं पांढरं, मऊ लाकूड, आणि ते वापरायला आमच्या सुतारांच्या पंचायतीत सक्त मनाई. कुणी वापरलंच तर ते काम त्याच्याच दारासमोर जाळायचं आणि कामावर उमटवायची त्याची निशाणी काढून घ्यायची, म्हणजे धंदाच बंद, असा नियम.

पंच संध्याकाळी आले. त्यांचे मुख्य कोलार मिस्त्री. आसनांचं काम त्यांनीही मागितलं होतं आणि ते बाबांना मिळालं होतं.

“माहिए,” ते म्हणाले, “एक बैठक अशी निघाली तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार? योहानाच्या सणाला गावची होळी पेटते. या वर्षी ती तुझ्या दारात पेटेल. सगळी आसनं.”

बाबांनी ती बैठक उलटीपालटी करून पाहिली. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“ही माझी नाही,” ते म्हणाले.

“प्रत्येक जण हेच म्हणतो,” कोलार म्हणाले.

२

माझी बैठक नाही म्हणून काय झालं, माझ्या कामावर माणूस पडला, असं म्हणून बाबांनी दुसऱ्या दिवशी मला फादर ओजिए यांच्या सेवेला पाठवलं. ते चर्चलगतच्या घरात खाटेवर पडले होते. पायाला दोन्हीकडून फळ्या बांधलेल्या. ते गावातले सगळ्यात जाड गृहस्थ, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

“ये ओदलीन,” ते म्हणाले. “सूप आणलंस? छान. तुझ्या बापानं मला पाडलं असं सगळे म्हणतात. तुझं काय म्हणणं?”

“त्यांनी नाही पाडलं, फादर.”

“माझंही तेच मत आहे. सहा वर्षं मी त्याच्या कारखान्यात जाऊन बसत होतो. तो मला एकच विचारायचा, ‘फादर, आणखी वजन वाढवणार आहात का? आत्ताच सांगा.’ असा माणूस माझ्याखाली पोकळ लाकूड ठेवील? ती बैठक इथे आण. आणि त्या कोलारला बोलाव. मला आता कुठे जायचं नाही, तेव्हा जगानं माझ्याकडे यावं.”

‘माझंही तेच मत आहे’, एवढ्या एका वाक्यासाठी मी त्यांची आजन्म ऋणी आहे. त्या दिवशी साऱ्या गावात बाबांच्या बाजूनं बोललेला तो एकटा माणूस, आणि पाय त्याचाच मोडला होता.

कोलार आले, टोपी काढून उभे राहिले.

“हे काम तुला हवं होतं,” फादर सरळच म्हणाले.

“हवं होतं. नाकारत नाही. पण मला वैर करायचं असतं तर मी त्याच्या बायकोला नावं ठेवली असती, लाकडाला हात लावला नसता.”

“बरं. मग लाकूड काय म्हणतं ते सांग. मिस्त्री म्हणून, पंच म्हणून नाही.”

कोलारनी बैठक खिडकीपाशी नेली आणि बराच वेळ बघत राहिले.

“किड्याचं भोक नेहमी टाचणीनं टोचल्यासारखं गोल दिसतं,” ते म्हणाले. “इथे बघा. नक्षीच्या अंगावर भोकं नाहीत, लांब पन्हळी आहेत. म्हणजे किड्यानं आधी बोगदे केले आणि पटाशी नंतर चालली. पटाशीनं बोगदेच उभे चिरले. लाकूड कोरलं तेव्हाच जुनं होतं, पोखरलेलं होतं.” त्यांनी बैठक खाली ठेवली. “फादर, यानं माहिए सुटत नाही. उलट त्यानं मुद्दाम जुनं लाकूड खपवलं असं ठरतं.”

ते गेल्यावर फादरनी मला टाचणी मागितली. एका पन्हळीच्या कोपऱ्यात, जिथे बोगदा आत वळत होता, तिथे ती घालून त्यांनी हलकेच फिरवली. टाचणीच्या टोकाला पांढरी भुकटी आली. त्यांनी ती जिभेवर ठेवली.

“फादर, ती किड्याची घाण आहे.”

“किड्याच्या घाणीला लाकडाची चव असते,” ते डोळे मिटून म्हणाले. “हे गव्हाचं पीठ आहे, पोरी. जुनं आणि जरा आंबलेलं.”

३

“पीठ लाकडात कधी शिरतं?” त्यांनी मला विचारलं.

“काथवटीत. रोज कणीक मळली की फटीफटीत बसतं.”

“म्हणजे मी जुन्या काथवटीवर टेकून देवाचं नाव घेत होतो. पण काथवट कुणाच्या घरी नसते?”

त्याच वेळी पास्किए भटारी रोजचा पाव घेऊन आले. गावात मधाचा पाव तेच करायचे, साचेही स्वतःच कोरायचे. त्यांच्या साच्यातून निघालेले संत निकोलस पोरं आधी पायाकडून खायची, म्हणजे आशीर्वादाचा हात शेवटपर्यंत टिकायचा. दर रविवारी चर्चमध्ये वाटायचा प्रसादाचा पावही तेच नेत. आदल्या थंडीत तापाच्या साथीत त्यांची एकुलती एक मुलगी गेली होती. तेव्हापासून ते फारसे बोलत नसत आणि त्यांची बायको मारोत अंथरुणाला खिळली होती.

“काय पास्किए, मारोत कशी आहे?” फादरनी विचारलं.

“बरी आहे. आता उठून बसते. बोलते.” त्यांनी पाव ठेवला. “तुमचा पाय?”

“मोडलेला आहे, पण तुझा पाव बघून विसरतो.”

पास्किए काही तरी म्हणणार होते असं मला वाटलं. ते दारात घुटमळले, मग गेले.

दुपारी फादरनी फादर फुल्क यांना बोलावलं. या दोघांचं हाडवैर. स्तोत्राची पहिली ओळ कोणी उचलायची यावरून ते गेली बारा वर्षं भांडत होते. फुल्क यांचं आसन ओजिए यांच्या अगदी समोर.

“मी पाडलं असं वाटतंय का?” आल्याआल्या फुल्क म्हणाले. ते काठीसारखे बारीक होते.

“तुला बैठक उचलतासुद्धा येणार नाही. बस. मला एक सांग. मी उभा असलो की तू माझ्याकडे बघत असतोस.”

“दुसरं काही दिसतच नाही. तुम्ही सगळा उजेड अडवता.”

“आणि मी यायच्या आधी? बैठक वर असते, मी नसतो. तेव्हा काय दिसतं?”

“एक मुलगी. पाण्याचा घडा घेतलेली. चांगली आहे. मी तिच्याकडे बघून स्तोत्राची वाट बघतो.”

“घडा कुठल्या बाजूला?”

 फुल्कनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“हे कुणाला सांगू नका. थंडीत घडा दाराच्या बाजूला होता. ईस्टरनंतर बघतो तर वेदीच्या बाजूला. मला वाटलं, उपासकाळ कडक पाळल्यामुळे माझं डोकं फिरलं. मी वैद्याकडे जाऊन रक्तसुद्धा काढून घेतलं.”

फादर ओजिए इतके हसले की पाय दुखून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“फुल्क,” ते म्हणाले, “तुझं डोकं शाबूत आहे. आजवर मी हे कधी म्हटलं नव्हतं, तेव्हा ऐकून ठेव.”

४

म्हणजे बैठक बदलली होती. मग आठवलं, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात चर्च धुतात, तेव्हा सगळ्या बैठका खुंट्यांवरून काढून अंगणात आणतात आणि निम्मा गाव राखेच्या पाण्यानं त्या घासतो. ओल्या बैठकांच्या त्या ढिगात एक गेली आणि एक आली, तर कुणाला कळणार? बाबा त्या आठवड्यात लाकूड निवडायला रानात गेले होते.

फादरनी बाबांना बोलावलं.

“माहिए, घडा कुठल्या हातात दिला होतास?”

“उजव्या. म्हणजे समोरून बघणाऱ्याला दाराच्या बाजूला. पंचांना सांगितलं मी. म्हणाले, आता आठवतंय का.”

“आणखी काय वेगळं आहे?”

बाबांनी त्या फुटक्या नक्षीवरून अंगठा फिरवला. “हात चांगले जमलेत. घडाही. पण चेहरा कुणाचाच नाही. मी चेहरा एका मुलीचा कोरला होता. आमेलीन. ती रोज धार लावायच्या दगडांसाठी पाणी आणून द्यायची. सांगावं लागत नसे. आम्ही कामात असलो की घडा ठेवून निघून जायची. ती गेल्यावर मला वाटलं, हिच्यासाठी मी काय करू शकतो? मला कोरता येतं, एवढंच.”

“पास्किएची आमेलीन?”

“हो.”

“त्यांना सांगितलं होतंस?”

“नाही. आपणहून दिसेल तेव्हा बरं वाटेल, म्हटलं. पास्किएकडे कशाला वळताय, फादर? त्याच्याबद्दल नका काही म्हणू. त्यानं पुष्कळ सोसलंय.”

“मी काही म्हणत नाही,” फादर म्हणाले. “उद्या दुपारी तू ये, कोलार येईल, पास्किए येईल. ओदलीन, मेणाच्या तीन वड्या आणून ठेव. माझ्या पायासाठी संताला नवस करायचाय.”

होळीला दोनच दिवस उरले होते. आमच्या दारासमोर कुणी तरी वाळकी झुडपं आणून टाकायला सुरुवात केली होती.

५

आमच्याकडे पाय मोडला की संतापुढे मेणाचा पाय वाहतात. फादर म्हणाले, नुसता पाय नको, मी खाटेवर पडलोय असं पूर्ण चित्र हवं, म्हणजे संताला माणूस ओळखू येईल. तिघांनी एकेक वडी कोरा. चांगली असेल ती वाहीन, बाकीच्यांच्या मेणबत्त्या करीन.

तिघं खाटेच्या पायथ्याशी एकाच बाकावर बसले. फादर फुल्क खिडकीत उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

“पोट जरा कमी दाखव, कोलार,” फादर ओजिए म्हणाले.

“वडीत मावेल तेवढंच दाखवतोय, फादर.”

“संत फसायचे नाहीत,” फुल्क म्हणाले.

वड्या झाल्या. फादरनी त्या पांघरुणावर ओळीनं मांडल्या. बाबांच्या वडीत जाड माणूस, डाव्या पायाला फळ्या. कोलारच्याही तसंच. पास्किएंचं काम दोघांपेक्षा गोड होतं, उशीच्या सुरकुत्यासुद्धा आल्या होत्या. पण फळ्या उजव्या पायाला होत्या.

“पास्किए,” फादर हळूच म्हणाले, “संत हे बघतील आणि माझा धडधाकट पाय बरा करतील.”

पास्किएंनी वडीकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं.

“हात तसाच चालतो,” ते म्हणाले. “साच्यात डावं कोरलं की पावावर उजवं उठतं. जन्मभर उलटंच कोरलंय, फादर. माझं मला कळतही नाही.”

“ओदलीन, ती बैठक इथे ठेव.”

मी ती मेणाच्या वडीशेजारी ठेवली. घडा उलट्या हातात असलेली, चेहरा नसलेली ती मुलगी. बाबांनी मान खाली घातली. त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

“जुन्या काथवटीची फळी ना?” फादरनी विचारलं.

“आईची काथवट होती,” पास्किए म्हणाले.

६

मग ते बोलले. वर्षभरात बोलले नसतील एवढं.

“एका रविवारी प्रसादाचा पाव घेऊन आत गेलो. कुणी आलं नव्हतं. बैठका वर होत्या. बघतो तर माझी पोर. घडा घेऊन, ओठ जरासे दुमडलेले. दमली की ती तशी करायची. मी पाव हातात घेऊन उभाच राहिलो. मग तुम्ही आलात, फादर. आणि...”

त्यांनी फुटक्या बैठकीवर हात ठेवला.

“आणि मी टेकलो,” फादर ओजिए म्हणाले.

“हो.”

खिडकीतून फुल्क काही तरी म्हणायला निघाले. फादरनी हात वर केला.

“मी कुणाला सांगणार?” पास्किए म्हणाले. “आसनं चर्चची. धर्मगुरूंना काय म्हणू, इथे टेकू नका? उपासकाळात रात्रंदिवस कोरत बसलो. मेण लावलं, धूर दिला. चेहरा नाही कोरला. तोच तर काढून आणायचा होता. फळी तुमचं वजन पेलणार नाही हे डोक्यातच आलं नाही. साच्यावर कुणी टेकत नाही, फादर.”

“आणि माझी आसनं जळणार हे कळल्यावर?” बाबांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकायला जास्त जड गेलं.

“रोज सांगायचं ठरवून इथे यायचो. पण सांगितलं की ते तिला परत नेणार. मारोत तिच्याशी बोलते, माहिए. तीन महिने तोंडातून शब्द नव्हता. ती घरी आली आणि मारोतनं पहिल्यांदा मला विचारलं, जेवलात का.”

बाबा उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

“मीच तुला आधी सांगायला हवं होतं. वाटलं, तू बघशील आणि खूश होशील.”

“झालो होतो,” पास्किए म्हणाले. “पहिला क्षणभर.”

कोलारनी घसा साफ केला. “पंच म्हणून मला हे चारचौघांत ऐकावं लागेल.”

“मी सांगेन,” पास्किए म्हणाले. “होळीपाशी. सगळ्यांसमोर.”

“आणि बैठक?” फुल्क म्हणाले. “चर्चची वस्तू आहे. परत यायलाच हवी.”

सगळे फादर ओजिए यांच्याकडे बघू लागले. मोडलेला पाय त्यांचा होता, आसन त्यांचं होतं. ते मनात आणते तर त्या माणसाला गावाबाहेर काढू शकले असते. त्यांनी पास्किएंनी आणलेल्या पावाचा तुकडा मोडला आणि सावकाश खाल्ला.

“आसन माझं आहे ना?” ते म्हणाले. “मग माझ्या पाठीखाली कोण असावं हे मी ठरवतो. ती मुलगी आईबापांपाशी राहील. माहिए, तू मला नवी बैठक कर, गाभ्याच्या लाकडाची, आणि दयेखाली माझंच तोंड कोर. गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले, सगळा भार डोक्यावर घेतलेला. म्हणजे तक्रार करायला मी एकटाच उरेन.”

फुल्क हसू दाबायला खिडकीबाहेर बघू लागले, पण त्यांचे खांदे हलत होते.

योहानाच्या सणाला फादरना खुर्चीत बसवून आमच्या दारापर्यंत उचलून आणलं. उचलणाऱ्या चौघांत फुल्क होते आणि वाटभर कुरकुरत होते. पास्किएंनी सगळ्यांसमोर, टोपी हातात घेऊन, जे होतं ते सांगितलं. मारोतमावशी त्यांचा दंड धरून उभ्या होत्या. कोलारनी त्याआधी प्रत्येक बैठक मोगरीनं ठोकून पाहिली होती. त्यांनी मोठ्यानं जाहीर केलं, “माहिएची आसनं गाभ्याची आहेत. मी केली असती तर इतकी चांगली झाली नसती.” ते वाक्य बोलताना त्यांना किती जड गेलं असेल ते मला आजही कळतं.

होळीत एकच फळी गेली. पास्किएंनी स्वतः नेऊन टाकली. कणीक मुरल्यामुळे म्हणा किंवा मेणामुळे, ती झटकन पेटली. मग कुणी तरी सनई काढली आणि आमच्या दारासमोर गाव नाचला.

७

बाबा त्यानंतर नऊ वर्षं जगले आणि निशाणी हातात असताना गेले. त्यांच्या शवपेटीचं लाकूड कोलारनी निवडलं. कोलार म्हातारपणी अगदी बहिरे झाले, तरी मोगरी ठोकून लाकूड हातानं ऐकायचे.

पास्किएंनी शेवटपर्यंत साचे उलटेच कोरले, त्यांचा धंदाच तो होता. पण त्या वर्षापासून दर रविवारी चर्चमधून येताना ते आमच्याकडे थांबायचे आणि बाबांशी बोलायचे. मारोतमावशींनी गावातल्या दोन पोरक्या मुलींना घरी आणून वाढवलं. त्यातली धाकटी आज भट्टी चालवते.

मी पुन्हा लग्न केलं, एका होडीवाल्याशी. तो चांगला माणूस होता. मला चार मुलं झाली, त्यातली दोन जगली. थोरला ओक कोरतो.

फादर ओजिए यांचा पाय जुळला, जरा आखूड. नवीन बैठकीवर ते पुढे अकरा वर्षं टेकले. ते गेल्यावर फादर फुल्कना समोर रोज फक्त ते लाकडी फुगलेलं तोंड दिसायचं. एकदा मी त्यांना विचारलं, आता भांडायला कुणी नाही, बरं वाटत असेल? ते म्हणाले, “पहिली ओळ मी उचलतो. दुसरीला तो येईल म्हणून थांबतो. मग सगळे माझी वाट बघत राहतात.”

मी आता सत्तरी ओलांडली आहे. फादर ओजिए चालायला लागेपर्यंत त्या उन्हाळ्यात मी रोज त्यांच्याकडे सूप घेऊन जात होते, आणि होळीनंतर रोज त्यांचे आभार मानू लागले. पाय मोडलेला असताना ज्यानं आधी दुसऱ्याची बाजू पाहिली, त्याला दुसरं काय द्यायचं? चार दिवस त्यांनी ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी चमचा खाली ठेवला.

“ओदलीन,” ते म्हणाले, “आभार भरपूर झाले. मीठ मात्र कमी आहे.”

मी मीठ आणायला गेले आणि स्वयंपाकघरात उभी राहून पोटभर रडले, आणि मग जरा जास्तच मीठ घालून आणलं. त्यांनी ते सगळं संपवलं.